खाली उजवीकडचा चौकोन

श्रावणात नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावरून आणलेलं रोप. रद्दीच्या घड्यांमध्ये दाबून, रोज कागद बदलून वाळवलेलं. आता ते साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड पांढऱ्या शीटवर दोऱ्याच्या टाक्यांनी आणि कागदी पट्ट्यांनी बसवलं आहे. एक पान मुद्दाम उलटं ठेवलंय, मागची लव दिसावी म्हणून. गळालेल्या बिया कागदाच्या छोट्या पुडीत भरून पुडी वर कोपऱ्यात चिकटवली आहे. शीटची खालची उजवी बाजू तेवढी मोकळी आहे. तिथे लेबल यायचं आहे, आणि ते येईपर्यंत या रोपाची किंमत वाळलेल्या गवताइतकीच.

बोलणं कठोर वाटेल, पण खरं आहे. रोपाचं नाव चुकलं तर पन्नास वर्षांनी एखादा जाणकार फूल पाण्यात भिजवून, भिंगाखाली उलगडून ते दुरुस्त करू शकतो. सगळा पुरावा शीटवरच असतो. हे रोप कुठून आणलं, कोणत्या दिवशी, कुणी, आजूबाजूला काय होतं, यातलं काहीच मात्र रोप सांगू शकत नाही. ते सांगायचं काम त्या चौकोनाचं. हर्बेरियममध्ये, म्हणजे अशा वाळवलेल्या रोपांच्या संग्रहात, सगळ्यांत जास्त कष्ट रोप दाबण्यावर होतात आणि सगळ्यांत कमी वेळ लेबलला मिळतो, याचं म्हणूनच वाईट वाटतं.

पूर्वी लेबल हाताने किंवा टंकलेखन यंत्रावर लिहिलं जाई. आता ते डेटाबेसमधून निघतं. मोठ्या संस्थांमध्ये स्पेसिफाय, ब्राह्म्स, सिम्बायोटा अशी खास सॉफ्टवेअर वापरतात. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत साधी स्प्रेडशीट असते आणि तिच्यावरही काम उत्तम चालतं, फक्त रकाने नीट पाडलेले हवेत. रकान्यांची नावं डार्विन कोर या मानकाप्रमाणे ठेवावीत. २००९ मध्ये मान्य झालेलं हे मानक जगभरची संग्रहालयं वापरतात, त्यामुळे उद्या माहिती कुणाला द्यायची झाली तर रकान्यांची भाषांतरं करत बसावं लागत नाही. गोष्ट एकदाच टाइप करायची आणि लेबल, यादी, नकाशा सगळं त्यातूनच काढायचं, ही मूळ शिस्त.

यातला धोका असा, की हाताने लिहिताना झालेली चूक एका लेबलवर राहते, तर डेटाबेसमधली चूक पानभर छापली जाते. शिवाय छापील अक्षरावर आपला विश्वास चटकन बसतो. गिचमिड अक्षर माणूस दोनदा वाचतो, सुबक टाइपावरून नजर पुढे सरकते.

स्प्रेडशीटमध्ये ठरावीक चार-पाच जागी पाय घसरतो. पहिली, तारीख. ५/७/२०२३ म्हणजे आपल्यासाठी ५ जुलै. पण संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो ७ मे समजतो, आणि तेही गुपचूप. मे महिन्यात अंजनेरीचं पठार करपलेलं असतं. तिथे त्या दिवशी फुललेली पावसाळी वनस्पती दाखवणारं लेबल म्हणजे शुद्ध खोटी साक्ष. म्हणून डेटाबेसमध्ये वर्ष-महिना-दिवस या क्रमाने २०२३-०७-०५ असं लिहावं आणि लेबलवर महिना अक्षरात किंवा रोमन आकड्यात छापावा. कीटकशास्त्रात रोमन महिन्याची पद्धत जुनी आहे ती याच कारणासाठी. दुसरी, नोंदणी क्रमांकापुढची शून्यं. ००४७ टाइप केलं की ४७ उरतं. आकडे भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. शून्यं गेल्यावर करून उपयोग नाही.

तिसरी सगळ्यांत वाईट. एकाच जागेवरून पाच रोपं आणली, म्हणून अक्षांशाचा कप्पा धरून खाली ओढला. संगणकाला वाटलं मालिका हवी आहे. १९.९२ च्या खाली २०.९२, त्याखाली २१.९२. पहिलं रोप अंजनेरीवर, दुसरं गुजरातेत, आणि पुढची एकेका अंशाने, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरच्या टप्प्याने, उत्तरेला चालत सुटली. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल त्यामानाने परवडली, कारण ती लपत नाही. अंजनेरीचे १९.९२ आणि ७३.५७ हे आकडे उलटे पडले तर रोप नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उगवतं. छपाईआधी सगळे बिंदू एकदा नकाशावर टाकून बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कधीही वाचवू नयेत.

आणि चौथी, एकच रकाना निवडून तो अकारविल्हे लावणं. बाकीचे रकाने जागच्या जागी राहतात, एक तेवढा हलतो, आणि प्रत्येक रोपाला शेजाऱ्याचं गाव मिळतं. यावर उपाय एकच. मूळ फाइल कधी उघडायचीच नाही, तिची प्रत काढून तीवर काम करायचं. छापलेला कच्चा मसुदा मात्र फील्डबुकशी, म्हणजे रोप गोळा करताना जागेवर लिहिलेल्या वहीशी ताडायचा, स्प्रेडशीटशी नव्हे. स्प्रेडशीटशी ताडलं तर चूक चुकीशी जुळते आणि सगळं बरोबर वाटतं.

गावाच्या नावाचा रकाना नाशिक जिल्ह्यात फार जपून भरावा लागतो. नुसतं ‘पिंपळगाव’ लिहून भागत नाही. निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत वेगळं, नाशिकलगतचं पिंपळगाव बहुला वेगळं. ‘नाशिकपासून १२ किलोमीटर’ यालाही अर्थ नाही, कुठल्या नाशिकपासून? सीबीएस, म्हणजे शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक, आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यातच आठ-दहा किलोमीटरचं अंतर आहे. रस्त्याने की सरळ रेषेत, कुठल्या दिशेला, हेही हवं. देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, मग गावापासूनची खूण असं मोठ्याकडून लहानाकडे यावं, आणि शेवटी अक्षांश-रेखांश. आकडे दशांश पद्धतीत चार किंवा पाच स्थळांपर्यंत पुरेत. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, चौथं म्हणजे अकरा मीटर. मोबाइलवरची अ‍ॅप आठ-आठ स्थळं दाखवतात. तेवढी अचूकता फोनच्या जीपीएसमध्ये नसते, आणि लेबलवर नसलेली अचूकता मिरवणं हीसुद्धा चूकच. त्यापेक्षा ‘± १० मी.’ असं प्रामाणिकपणे छापावं. अक्षांश-रेखांशांची संदर्भ-प्रणाली जीपीएसची डब्ल्यूजीएस-८४ आहे हेही लिहावं, कारण सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा पाया एव्हरेस्ट प्रणालीचा आहे आणि दोन्हींत शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. नाशिक शहर तर जवळपास २० अंशाच्या रेषेवरच वसलेलं, म्हणजे त्या जुन्या नकाशांच्या दोन शीटांच्या सांध्यावर: उत्तरेकडचं ४६-एच वर, अंजनेरी ४७-ई वर. जुन्या नोंदींत नकाशाचा क्रमांक दिसला तर तो जसाच्या तसा उतरवून ठेवावा.

जुन्या लेबलांवर नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग ‘एच’शिवाय असतं, जिल्ह्यापुढे ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ असतं. १ मे १९६० आधीच्या कागदावर महाराष्ट्र हे राज्य सापडणारच नाही. कळसूबाईचा डोंगर इगतपुरी आणि अकोले यांच्या हद्दीवर. अकोल्याच्या बाजूने गोळा केलेल्या रोपाच्या जुन्या लेबलवर अहमदनगर, आज अहिल्यानगर. इथे डेटाबेस नीटनेटका करण्याच्या भरात मोठं नुकसान होतं. ‘शोधा आणि बदला’ची एक कळ दाबली की शंभर वर्षांची जुनी नावं पुसली जातात. त्यासाठी दोन रकाने ठेवायचे. एकात मूळ लेबलवर होतं ते अक्षर न अक्षर, स्पेलिंगच्या चुकांसह. दुसऱ्यात आजचं नाव. नवं लेबल छापलं तरी जुनं काढायचं नाही, नवं त्याच्या शेजारी लावायचं. नाव बदललं तरी हाच नियम. एखाद्या तज्ज्ञाने ओळख सुधारली तर छोटी वेगळी चिठ्ठी: नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष. आधीच्या माणसाच्या मतावर रेघ मारण्याचा अधिकार कुणालाच नाही.

शास्त्रीय नाव छापतानाही एक गाठ बसते. प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) तिरप्या अक्षरात, नाव देणाऱ्यांची नावं उभ्या अक्षरात. सेरोपेजिया अंजनेरिका हे नाव घ्या. आपल्या अंजनेरीचंच नाव मिरवणारी ही दुर्मीळ वनस्पती. यातले पहिले दोन शब्द तिरपे, पुढचे मालपुरे, कांबळे आणि यादव उभे. सगळं एकाच रकान्यात भरलं असेल तर मेल मर्ज, म्हणजे रकान्यांतली माहिती लेबलच्या साच्यात भरणारी सोय, सगळंच तिरपं करते, नाहीतर सगळंच उभं. म्हणून प्रजाती, जाती, उपजातीचा दर्जा आणि कर्ते हे चार रकाने सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. आणि अशा दुर्मीळ रोपाची नेमकी जागा कपाटातल्या लेबलवर पूर्ण छापावी, पण इंटरनेटवर जाणाऱ्या यादीत अक्षांश-रेखांश दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत ठेवावेत, म्हणजे अकराएक किलोमीटरचा घोळ आपोआप राहतो. कंद उकरून नेणारेही नकाशे वाचतात.

स्थानिक नावाचा रकाना रिकामा सोडू नये, हे माझं ठाम मत आहे. सेरोपेजियाला कुणी खरपुडी म्हणतं, कुणी खर्चुडी. शहरातले निसर्गप्रेमी कंदीलपुष्प म्हणतात. ज्या गावात जे कानावर पडलं ते, देवनागरीत. रोमन लिपीत ‘ड’ आणि ‘द’ एकाच अक्षरात बुडतात, ‘ळ’ हरवतो. मात्र देवनागरी छापायला घेण्याआधी ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘पिंपळगाव’ हे दोन शब्द छापून बघावेत. लेबल बनवणाऱ्या प्रणालीला जोडाक्षरं कळत नसतील तर पहिल्या शब्दात पाय मोडलेले सुटे त, र, य ओळीने उभे राहतात, आणि दुसऱ्यात वेलांटी ‘प’च्या आधी येण्याऐवजी मागे जाऊन बसते. हे दोन शब्द धड उमटले की बाकी जिल्हा निर्धास्तपणे छापावा. जुनी माहिती युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती आधी बदलून घ्यावीच लागते. दुसऱ्या संगणकावर तिची नुसती इंग्रजी अक्षरांची रास दिसते. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल साठवताना यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडली नाही तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. दुसरीकडे ती फाइल चुकीच्या पद्धतीने उघडली तर अंशाच्या खुणेआधी टोपीवाला इंग्रजी ‘ए’ उगवतो. तो दिसला की तिथेच थांबून फाइल पुन्हा घ्यायची. एकेका लेबलवर खोडत बसू नये.

आता कागद. नाशिककरांना कागदाची महती वेगळी सांगायला नको. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि आपल्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. खिशात राहून धुतली गेलेली नोट वाळवून चालते, रद्दीचा कागद मात्र उन्हात आठवड्यात पिवळा पडतो, त्याचं कारण हेच. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन राहतं, ते काळवंडतं आणि कागद ठिसूळ होतो. लेबलसाठी कापसाचा, आम्लमुक्त कागद घ्यावा. हर्बेरियमच्या लेबलला १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पुरे, टोचलेल्या कीटकांच्या लेबलला १६० ते २००. आम्लमुक्त आहे की नाही हे पीएच पेनाच्या एका रेघेने कळतं.

छपाई लेझर प्रिंटरवर. टोनर म्हणजे शाई नव्हे; ती काजळी मिसळलेली प्लास्टिकची पूड, उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली. जाड कागद घातला आणि प्रिंटरला ‘साधा कागद’ सांगितलं, तर उष्णता पुरत नाही आणि अक्षरं अंगठ्याने घासली तरी निघतात. सेटिंगमध्ये ‘जाड कागद’ निवडायचं आणि कागद खालच्या ट्रेऐवजी मागच्या सरळ वाटेने घालायचा. आषाढ-श्रावणात आणखी एक अडचण. रीम उघडी राहिली की कागद हवेतला ओलावा पितो, यंत्रात वळतो, अडकतो, टोनर नीट बसत नाही. रीम पिशवीत घट्ट बांधून ठेवावी आणि लागतील तेवढेच कागद आयत्या वेळी काढावेत. इंकजेट वापरायचाच झाला तर पिगमेंट शाईचा. डाय शाईच्या लेबलवर ओला हात लागला की निळा डाग उरतो. आणि दुकानातल्या बिलासारखा थर्मल कागद संग्रहात कधीही नको. तो कपाटात पडल्या पडल्या कोरा होतो.

प्रिंटच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बहुतेक वेळा आधीच निवडलेला असतो, तो बदलून १०० टक्के करायचा. खात्रीसाठी साच्याच्या समासात नेमकी १०० मिलिमीटरची रेघ काढून ठेवावी आणि छापून आल्यावर तिला पट्टी लावावी. ९७ भरली तर सगळं पान आकसलेलं आहे.

कीटकांचं लेबल म्हणजे या कामातली खरी परीक्षा. १८ बाय ८ मिलिमीटर, बोटाच्या नखाएवढं. ए-४ पानाला चारी बाजूंनी १० मिलिमीटर समास सोडला तर दहा रकाने आणि चौतीस ओळी, म्हणजे ३४० लेबलं बसतात. अक्षर ४ पॉइंट, म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर. पाच ओळी, ओळीत पंचवीसेक अक्षरं. तेवढ्यात देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि कसा पकडला (जाळ्याने की दिव्यावर) हे सगळं. इथे देवनागरीचा मोह आवरावा लागतो. ४ पॉइंटला मात्रा, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळून ठिपके होतात. मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवायचं आणि लेबलवर साधं रोमन अक्षर. पिन ३८ मिलिमीटरची. तीवर वर कीटक, मधे जागेचं लेबल, खाली ओळखीचं, दोन्ही एकाच बाजूने वाचता येतील अशी. उंची डोळ्याने न ठरवता पायऱ्यांच्या लाकडी ठोकळ्याने ठरवावी, म्हणजे पेटीतली सगळी लेबलं एका पातळीत येतात. कागद पातळ असला की पिनेभोवती भोक सैल होतं, लेबल गरगर फिरतं आणि शेजारच्या फुलपाखराचा पाय मोडतं. जाड कागदाचा आग्रह त्यासाठी.

बाटलीतल्या नमुन्यांचं शास्त्र आणखी निराळं. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीसारख्या ठिकाणचे जलकीटक, गोगलगायी सहसा ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. लेझरवर छापलेलं सुंदर लेबल त्यात टाकलं की सुरुवातीला काही होत नाही. मग हळूहळू टोनर सुटतो, अक्षरं कागदावरून उठतात आणि बाटलीच्या तळाशी काळ्या गाळासारखी साचतात. कागद शाबूत, पण कोरा. बाहेरून बाटली तशीच दिसते म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा ठिकाणी थर्मल ट्रान्सफर प्रिंटर लागतो, रेझिनची रिबन आणि पॉलिप्रॉपिलीनची पट्टी. तो परवडत नसेल तर काजळीच्या काळ्या शाईने किंवा चक्क पेन्सिलने, कापसाच्या कागदावर, हाताने. ग्रॅफाइटला अल्कोहोल काही करत नाही. कोणतीही पद्धत घेतली तरी छापलेला तुकडा आधी महिनाभर त्याच द्रावणात बुडवून बघावा, रोज हलवावा, काढून बोटाने घासावा. लेबल बाटलीच्या आतच असायला हवं. बाहेरचं चिकटवलेलं सुटतं, आणि झाकणावर लिहिलेलं तर त्याहून घातक, कारण झाकणं बदलली जातात.

क्यूआर कोडबद्दल थोडंच. त्यात संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता भरू नये, पत्ते बदलतात. नुसता नोंदणी क्रमांक, कॅपिटल अक्षरं आणि आकडे, वीस चिन्हांच्या आत. मग सगळ्यांत लहान, २१ चौकटींचा कोड पुरतो. भोवतीची मोकळी जागा धरून ६०० डीपीआयला (इंचात ६०० ठिपके) तो पाच मिलिमीटरच्या आत बसतो, ३०० डीपीआयला सुमारे दहा लागतात. खाली तोच क्रमांक माणसाला वाचता येईल असा छापायलाच हवा.

छापून झालं की कापणं. एकेक पान कापत बसलं की चौकोन टेबलावर सांडतात आणि मग ओळखपरेड सुरू होते. हर्बेरियमची लेबलं ए-४ वर सहा बसतात. साठ लेबलं असतील तर पहिल्या पानावर १, ११, २१, ३१, ४१ आणि ५१, दुसऱ्यावर २, १२, २२ असा क्रम आधीच लावून घ्यावा. दहा पानांची चळत एकदम कापली की प्रत्येक गठ्ठा आपोआप क्रमाने हातात येतो. एका संकलन क्रमांकाच्या चार प्रती असतील, एक इथे राहणार, बाकीच्या पुण्याच्या बीएसआयला (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया), मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला जाणार, तर चारही लेबलं एकाच वेळी छापावीत. नंतर छापलेल्या लेबलात कुणीतरी मधेच काहीतरी सुधारलेलं असतं, आणि मग एकाच रोपाच्या दोन हकिकती तयार होतात.

चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, तेव्हा भांडं आणि ब्रश वेगळे, हात धुऊन. सेलोटेप नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि सुटताना अक्षरं घेऊन जाते. खळ पातळ लावावी, कडांना नीट, मधे थोडी कमी. चिकटवण्याआधी लेबलवरचा संकलन क्रमांक आणि रोपाला बांधलेल्या टॅगवरचा क्रमांक मोठ्याने वाचून जुळवावा, दोघं असतील तर एकाने लेबल वाचावं आणि दुसऱ्याने टॅग. मग वर टिपकागद, त्यावर पुठ्ठा, त्यावर वाळूची पिशवी. रात्रभर तसंच. सकाळी पिशवी उचलली की आधी चारही कोपरे बोटाने दाबून बघायचे. एखादा उचललेला असेल तर ब्रशच्या टोकाने तिथे थेंबभर खळ, आणि पिशवी पुन्हा जागेवर.